गवत कापायचे यंत्र दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडते: टाकीत हवा जाते की नाही, हे खात्रीने कसे तपासावे?

घोडबंदर_सोसायटी

नमस्कार.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत असलेल्या आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारात हिरवळीचे दोन मोठे तुकडे आहेत. त्यांच्यासाठी संस्थेने आठ वर्षांपूर्वी पेट्रोलवर चालणारे, मागून ढकलण्याचे गवत कापायचे यंत्र घेतले होते. इंजिन फोर-स्ट्रोक, एका सिलिंडरचे आहे. टाकी वर आणि कार्ब्युरेटर (पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणारा भाग) खाली अशी रचना असल्यामुळे पेट्रोल आपल्या वजनानेच खाली उतरते, मध्ये पंप नाही. पावसाळा सरत आला की गवत इतक्या वेगाने वाढते की आठवड्यातून दोनदा कापावे लागते, आणि नेमक्या याच दिवसांत यंत्राने त्रास द्यायला सुरुवात केली आहे.

सकाळी दोरी ओढली की पहिल्या झटक्यात ते सुरू होते. दहा-पंधरा मिनिटे उत्तम चालते, मग आवाज वर-खाली होऊ लागतो आणि इंजिन विझल्यासारखे बंद पडते. लगेच ओढून काही उपयोग होत नाही. दहा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू होते आणि पुन्हा तसेच बंद पडते. मेकॅनिकने दोन वेळा कार्ब्युरेटर उघडून साफ केला, प्लग आणि एअर फिल्टर बदलला, आणि आता त्यांचे म्हणणे आहे की प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी इग्निशन कॉइल गरम झाल्यावर काम सोडते, म्हणून ती बदलावी. समिती पैसे मंजूर करील, पण अंदाजाने तिसरा खर्च करण्याची माझी इच्छा नाही.

आमच्या माळीकाकांचे निरीक्षण वेगळे आहे. यंत्र बंद पडल्यावर पेट्रोल पाहण्यासाठी ते झाकण फिरवतात तेव्हा "सुस्स" असा आवाज येतो आणि त्यानंतर यंत्र सुरू होते. त्यावरून, पेट्रोल उतरते तशी बाहेरची हवा टाकीत घेणारे झाकणातील छिद्र बुजले असावे असा मला संशय आहे. मी झाकण काढून उजेडासमोर धरले, पण आरपार काहीच दिसत नाही. ते मुळातच तसे असते की बुजले आहे, हे मला ठरवता येईना. झाकण न बिघडवता हे नीट तपासण्याची पद्धत कोणी सांगू शकेल का? आमच्याकडे कुंपणाकडेच्या गवतासाठी टू-स्ट्रोक ब्रश कटरही आहे आणि तोही हल्ली जोर धरत नाही. त्यालाही हीच तपासणी लागू होते का?

नेरूळ_हिरवळ

नेरूळ, सीवूड्स आणि बेलापूर भागांतील सोसायट्यांच्या हिरवळी आम्ही सांभाळतो. आपण वर्णन केलेली लक्षणे आमच्याकडे दर पावसाळ्यानंतर एखाद्या तरी यंत्रात दिसतात आणि बहुतेक वेळा दोष झाकणातच निघतो. साधी परीक्षा अशी की यंत्र बंद पडले की झाकण अर्धा फेरा सैल करायचे, आवाज ऐकायचा आणि लगेच दोरी ओढायची. लगेच सुरू झाले तर झाकण दोषी.

मात्र "लगेच" हा शब्द महत्त्वाचा आहे. गरम झाल्यावर बिघडणारी कॉइलही थोडी थंड झाली की पुन्हा ठिणगी देते, त्यामुळे झाकण उघडणे, आत डोकावणे आणि पेट्रोल भरणे यांत पाच-सात मिनिटे गेली तर श्रेय झाकणाला द्यायचे की विश्रांतीला, हे कळत नाही. आमच्या एका मुलाने याच गफलतीमुळे दोन झाकणे बदलली होती, आणि शेवटी खराब निघाली ती कॉइल.

उजेड आरपार दिसत नाही याची काळजी करू नका. टाकीतले पेट्रोल हिंदकळून थेट बाहेर येऊ नये म्हणून झाकणाच्या आत छिद्राची वाट वळणावळणाची ठेवलेली असते.

रबाळे_फिटर

वरील उत्तर योग्य आहे. मी रबाळे औद्योगिक वसाहतीत अनेक वर्षे देखभाल विभागात काम केले आणि निवृत्तीनंतर ओळखीच्यांची लहान इंजिने दुरुस्त करतो. या दोषाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याचे कारण समजले की तपासणी कशी आणि कधी करायची हे आपोआप कळते.

आपल्या यंत्रात पेट्रोल खाली ढकलणारी शक्ती फारच थोडी आहे. टाकीतली पातळी कार्ब्युरेटरच्या तोंडापेक्षा समजा १० सेंटिमीटर उंच आहे. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने या उंचीमुळे मिळणारा दाब जेमतेम ०.७ किलोपास्कल भरतो. वातावरणाचा दाब साधारण १०१ किलोपास्कल असतो. म्हणजे टाकीतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा शंभरात एका भागाहूनही कमी उतरला, तरी पेट्रोल खाली यायचे थांबते. टाकीत ३०० मिलिलिटर हवा असेल आणि झाकण पूर्ण बंद असेल, तर थंड टाकीतून चारेक मिलिलिटर पेट्रोल निघून गेले तरी एवढी घट होते. अशी यंत्रे तासाला पाऊण ते एक लिटर पेट्रोल घेतात, म्हणजे मिनिटाला १२ ते १७ मिलिलिटर.

मग आपले यंत्र पंधरा मिनिटे चालते कसे, हा प्रश्न कोणालाही पडेल. एक तर छिद्र पूर्ण बुजलेले नसते, थोडी हवा झिरपत राहते. दुसरे म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणारी वाटी असते, तिच्यात काही साठा असतो. तिसरे कारण मात्र फार कमी जणांच्या लक्षात येते: इंजिनाच्या उष्णतेने टाकी तापत असते. आपल्याकडच्या हवामानात पेट्रोल एका अंशाने तापले तर त्याच्या वाफेचा दाब एक किलोपास्कलहून अधिक वाढतो, म्हणजे त्या १० सेंटिमीटरच्या उंचीने मिळणाऱ्या दाबापेक्षाही जास्त. टाकी तापत असते तोवर ही वाढती वाफ बाहेरच्या हवेची जागा भरून काढते आणि इंजिन सुखाने चालते. टाकीचे तापमान स्थिरावले की ही मदत थांबते, दाब घटू लागतो आणि आपण सांगितलेला वर-खाली होणारा आवाज सुरू होतो.

बंद पडल्यावर दहा मिनिटांनी यंत्र पुन्हा का सुरू होते, याचेही उत्तर यातच आहे. इंजिन थांबले की पंख्याची हवा थांबते, पण सिलिंडर आणि सायलेन्सर तापलेलेच असतात. ती उष्णता वर टाकीपर्यंत जाते, वाफ वाढते, दाब पूर्ववत होतो आणि वाटी पुन्हा भरते. एवढेच नव्हे, तर दाब बाहेरच्यापेक्षा जास्तही होतो. म्हणून माळीकाकांनी ऐकलेला "सुस्स" आवाज हवा आत जाण्याचा होता की वाफ बाहेर येण्याचा, हे पाहिल्याशिवाय तो पुरावा मानू नये. बंद पडल्या क्षणी झाकण सैल केले आणि हवा आत ओढली गेली, तर छिद्र बुजले आहे. दहा मिनिटांनी सैल केले आणि वाफ बाहेर आली, तर त्या आवाजावरून इतकेच समजते की टाकी तापली होती. पातळ टिश्यू कागदाची पट्टी झाकणाच्या कडेजवळ धरली तर हवेची दिशा स्पष्ट दिसते. कानाने ती ओळखता येत नाही.

आता प्रत्यक्ष तपासणी. ती दोन भागांत करावी.

पहिला भाग यंत्र चालवून. पेट्रोल भरून, झाकण घट्ट लावून नेहमीसारखे गवत कापावे आणि घड्याळ लावावे. बंद पडले की झाकणाला हात लावू नये. आधी ठिणगी पाहावी, आणि तीही प्लग उघडा ठेवून नव्हे, तर प्लग आणि केबल यांच्यामध्ये लावायच्या साध्या स्पार्क टेस्टरने, कारण आजूबाजूला पेट्रोलची वाफ असण्याची शक्यता असते. ठिणगी चांगली असेल तर कॉइलवरचा संशय तिथेच फिटतो. टाकीकडून येणारी रबरी नळी त्याच क्षणी चिमट्याने दाबून बंद करावी आणि यंत्र अर्धा तास निवू द्यावे. मग कार्ब्युरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून वाटीत किती पेट्रोल आहे ते पाहावे. वाटी जवळजवळ कोरडी निघाली तर इंजिन पेट्रोलअभावीच बंद पडले. चिमटा लावायचा राहिला तर निवण्याच्या वेळात वाटी भरून जाते आणि पुरावा नाहीसा होतो.

दुसरा भाग दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना आणि उघड्या जागेत. तळघरातील वाहनतळात हे मुळीच करू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली साचून राहते. नळी कार्ब्युरेटरपासून सोडवून तिचे टोक मापाच्या भांड्यात धरावे. टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाच्याच उंचीवर ठेवावे, कारण ते खाली जमिनीकडे नेले तर उंचीचा फरक वाढतो आणि बुजलेल्या छिद्रातूनही पेट्रोल बरे येत असल्याचा भास होतो. आधी झाकण सैल ठेवून तीन मिनिटांत किती पेट्रोल येते ते मोजावे. मग ते परत टाकीत ओतून, झाकण घट्ट लावून, पुन्हा तीन मिनिटे मोजावे आणि प्रत्येक मिनिटाची नोंद वेगळी ठेवावी. पहिल्या मिनिटाला आकडा बरा दिसेल. खरी गोष्ट तिसरे मिनिट सांगते. थंड टाकीत वाफेची वाढती मदत नसल्यामुळे ही चाचणी चालत्या यंत्रापेक्षा अधिक विश्वासार्ह आहे. झाकण सैल असतानाही धार बारीक असेल, तर दोष झाकणाचा नसून टाकीतील जाळीचा, फिल्टरचा किंवा नळीचा आहे.

खारघर_बाग

माझ्या बंगल्यातील यंत्राला हाच त्रास होता. मी झाकणाला दोन मिलिमीटरचे भोक ड्रिलने पाडले आणि तो कायमचा गेला. इतकी मोजमापे करण्यापेक्षा हा मार्ग सोपा नाही का?

रबाळे_फिटर

आपले यंत्र त्यामुळे चालू लागले असेल, परंतु तो मार्ग इतरांनी घ्यावा असे मला वाटत नाही. उतारावर यंत्र वळवताना भरलेल्या टाकीतले पेट्रोल सरळ भोकातून बाहेर उडते आणि खाली हातभर अंतरावर तापलेला सायलेन्सर असतो. मूळ वाट वळणाची ठेवण्याचे कारणच ते आहे. शिवाय त्याच भोकातून गवताची भुकटी आणि पावसाचे पाणी आत जाते. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल पाणी धरून ठेवते आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी मिसळलेले इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. टाकीच्या तळातूनच कार्ब्युरेटरकडे वाट जाते, हे लक्षात घ्यावे. आपण एकदा वाटीचा स्क्रू काढून तिथले पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन पाहावे, अशी विनंती आहे.

खारघर_बाग

आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. बाटलीच्या तळाशी साधारण बोटभर वेगळा, गढूळ थर दिसला. टाकी रिकामी करून पुसून घेतली आहे आणि नवे झाकण मागवले आहे. वेळीच सांगितल्याबद्दल मनापासून आभार.

घोडबंदर_सोसायटी

या शनिवार-रविवारी माळीकाकांच्या मदतीने दोन्ही तपासण्या केल्या. आकडे देतो.

टाकी काठोकाठ भरून आणि झाकण घट्ट लावून यंत्र ९ मिनिटांत बंद पडले. ठिणगी टेस्टरमध्ये व्यवस्थित दिसली. नळीला चिमटा लावला आणि अर्ध्या तासाने वाटी उघडली, तर तिच्यातून चमचाभरच पेट्रोल निघाले. पुन्हा टाकी अर्धी ठेवून चालवले तेव्हा यंत्र २१ मिनिटे चालले. यावेळी बंद पडताच झाकण थोडे सैल केले. कागदाची पट्टी झाकणाकडे ओढली गेली आणि पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू झाले. त्यानंतर सपाट भागावर, माझ्या देखरेखीखाली, झाकण जरासे सैल ठेवून ४० मिनिटे चालवले. एकदाही थांबले नाही.

थंड टाकीची चाचणी अशी झाली: झाकण सैल असताना तीन मिनिटांत ४१० मिलिलिटर आले. घट्ट असताना पहिल्या मिनिटाला ६०, दुसऱ्याला १५ आणि तिसऱ्याला अवघे ६ मिलिलिटर आले. आपण इंजिनाची गरज मिनिटाला किमान १२ मिलिलिटर सांगितली होती, त्यामुळे निष्कर्ष आम्हालाही काढता आला.

कॉइलचा प्रस्ताव मी समितीतून मागे घेतला आहे. दोन गोष्टी मात्र समजल्या नाहीत. टाकी अर्धी असताना यंत्र दुपटीहून अधिक का चालले? आणि हे छिद्र बुजले कशामुळे? झाकणाच्या आतली प्लास्टिकची चकती हळूच काढल्यावर खाली काळसर, चिकट गाळ आणि त्यात गवताचे बारीक तंतू दिसले. तिथला स्पंजचा तुकडा फुगून छिद्रावर घट्ट बसला होता.

रबाळे_फिटर

इतक्या काळजीने नोंद ठेवली याचा फार आनंद झाला.

अर्ध्या टाकीत हवेची जागा जास्त असते. तितक्याच अंशांनी तापले तरी जास्त जागेतील हवा आणि वाफ जास्त फुगते आणि त्यामुळे अधिक पेट्रोल खाली ढकलले जाते. काठोकाठ भरलेल्या टाकीत फुगायला हवाच थोडी, म्हणून मदतही थोडी. भरलेल्या टाकीवर लवकर आणि अर्ध्या टाकीवर उशिरा बंद पडणे हे याच दोषाचे लक्षण आहे. कॉइलचा दोष असता तर टाकी किती भरली आहे याने एवढा फरक पडला नसता.

गाळाबद्दल मी एक विचारतो. पात्याखाली साचलेले गवत काढताना यंत्र कोणत्या बाजूला कलते करतात? टाकीचे झाकण खाली जाईल असे कलते केले तर पेट्रोल झाकणात शिरते, स्पंज भिजतो, आणि त्या ओलसर स्पंजावर उडणारी भुकटी चिकटत जाते. यंत्र नेहमी एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर वर राहतील असे कलते करावे, टाकी शक्यतो रिकामी असताना, आणि त्याआधी प्लगची केबल काढून ठेवावी. स्पंज आणि रबर फुगण्यामागे इथेनॉलही असू शकते, कारण आठ वर्षांपूर्वी यंत्रांत वापरलेले सगळेच सुटे भाग २० टक्के इथेनॉलसाठी बनवलेले नसतात.

मला आणखी एका गोष्टीची आठवण होते. तुर्भ्याच्या एका गोदामात चार महिने ठेवलेल्या यंत्राच्या झाकणाचे छिद्र कुंभारमाशीने मातीने लिंपून टाकले होते. बाहेरून पाहता झाकण फक्त मळलेले वाटत होते. यंत्र दीर्घकाळ ठेवायचे असेल तर त्यावर सुती कापड बांधून ठेवावे.

झाकण स्वच्छ करता येते का, असे आपण पुढे विचाराल. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून, मऊ ब्रशने गाळ काढून, पूर्ण वाळवून पाहायला हरकत नाही. तार खुपसू नये. कार्ब्युरेटर साफ करण्याचा फवारा स्पंज आणि रबरी वॉशर खराब करतो, म्हणून तोही टाळावा. पण फुगलेला स्पंज पुन्हा पूर्ववत होत नाही. आपल्या बाबतीत झाकण बदलावे, हेच मी सुचवीन.

वागळे_वर्कशॉप

झाकण बदलताना एक काळजी घ्यावी. आमचे वागळे इस्टेटमध्ये लहान इंजिनांचे दुरुस्तीचे काम चालते आणि नवे झाकण बसवल्यावर त्रास वाढला अशी तक्रार घेऊन लोक येतात. आटे जुळतात म्हणून झाकण योग्य आहे, असे नसते. काही झाकणांना छिद्रच नसते, कारण ती ज्या यंत्रांसाठी बनवली आहेत त्यांत हवेची वाट टाकीला वेगळ्या नळीने दिलेली असते. अमेरिकेत २००८ साली लहान इंजिनांच्या टाकीतून उडून जाणाऱ्या वाफेवर मर्यादा घालणारे नियम झाले आणि त्यानंतर तिकडच्या पुष्कळ यंत्रांत टाकीची वाफ कोळशाच्या डब्यातून नेली जाऊ लागली. अशा यंत्राचे झाकण आपल्या साध्या टाकीवर लावले तर टाकी बाटलीसारखी बंद होते. म्हणून इंजिनाचा मॉडेल क्रमांक सांगूनच झाकण घ्यावे आणि बसवण्यापूर्वी आतल्या बाजूने छिद्र आहे ना ते पाहावे.

आता आपल्या ब्रश कटरबद्दल, कारण तो प्रश्न मागे पडला. तत्त्व तेच, पण तपासणी निराळी. ब्रश कटर वाकडा-तिकडा धरून चालवतात, म्हणून टाकीला उघडे छिद्र ठेवता येत नाही. झाकणात किंवा टाकीच्या भिंतीत एक छोटा एकेरी व्हॉल्व्ह असतो. पुष्कळदा तो बदकाच्या चोचीसारख्या आकाराचा रबरी तुकडा असतो. तो हवा आत येऊ देतो, पेट्रोल बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे अनेक ब्रश कटरमध्ये तापलेल्या टाकीचे झाकण उघडताना वाफ बाहेर येते, ते स्वाभाविकच आहे.

इथे कार्ब्युरेटर डायफ्रॅमचा, म्हणजे लवचीक पडद्याचा असतो आणि तो पेट्रोल स्वतः ओढून घेतो, पेट्रोल वजनाने उतरण्यावर अवलंबून राहत नाही. म्हणून व्हॉल्व्ह चिकटला तरी यंत्र चटकन बंद पडत नाही. ते टाकीत बरीच पोकळी निर्माण करत ओढत राहते, प्लास्टिकच्या टाकीच्या भिंती आत खेचलेल्या दिसतात, आणि इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल कमी मिळू लागते. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमधूनच जाते. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि भरीला इंजिन जास्त तापते. फोर-स्ट्रोक यंत्र असे बंद पडले तर आपला वेळ जातो. ब्रश कटर मात्र अशा स्थितीत रेटून चालवला तर पिस्टन सिलिंडरमध्ये धरला जाऊ शकतो आणि दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या जवळ जातो. म्हणून जोर धरत नाही असे दिसताच ब्रश कटर थांबवावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

घरच्या घरी पाहायचे तर प्रायमरचा पारदर्शक बल्ब (सुरू करण्याआधी पेट्रोल ओढून घेण्यासाठी बोटाने दाबायचा मऊ फुगा) उपयोगी पडतो. तो दाबून सोडावा. तो हळूहळू, कष्टाने फुगत असेल तर पेट्रोल ओढले जाताना कुठेतरी अडथळा आहे. आता टाकीचे झाकण सैल करून पुन्हा दाबावा. चटकन फुगला तर दोष व्हॉल्व्हचा. तरीही हळूच फुगला तर टाकीतील फिल्टर किंवा नळी पाहावी. वर्कशॉपमध्ये आम्ही हातपंप आणि दाबमापक लावून हेच मोजतो: टाकी रिकामी करून, परतीची नळी बंद करून, पेट्रोलच्या नळीतून हलकी पोकळी करायची. व्हॉल्व्ह चांगला असेल तर काटा काही सेकंदांत शून्याकडे येतो. उलट दिशेने हलका दाब दिला तर बहुतेक रचनांमध्ये तो टिकला पाहिजे. किती टिकावा हे त्या यंत्राच्या सर्व्हिस पुस्तिकेत पाहून घ्यावे. दाब टिकला नाही तर इंजिन चालेल, पण यंत्र आडवे केले की पेट्रोल गळेल, आणि ब्रश कटर तर चालवणाऱ्याच्या अंगाला लागूनच असतो.

व्हॉल्व्ह स्वस्त असतो. तो साफ करत बसू नये, बदलावा. नळीने तोंडाने फुंकून पाहण्याची सवय पुष्कळांना असते, ती मात्र सोडावी. पेट्रोलची वाफ छातीत जाते, आणि तोंडाने दिलेला दाब इतका कमी-जास्त होतो की त्यातून कळत काही नाही.

घोडबंदर_सोसायटी

ब्रश कटरचा बल्ब खरोखरच हळू फुगत होता, पण झाकण सैल केल्यावरही फरक पडला नाही. टाकीतला फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर काढला, तो तपकिरी झाला होता. नवा बसवल्यावर बल्ब लगेच भरू लागला आणि जोरही परत आला. म्हणजे एका यंत्रात हवेची वाट बंद होती आणि दुसऱ्यात पेट्रोलची. आम्ही दोन्हीकडे झाकणच बदलणार होतो.

गवत कापायच्या यंत्रासाठी मॉडेल क्रमांकाप्रमाणे झाकण आले आहे. माळीकाका यंत्र खरोखरच झाकणाच्या बाजूला कलते करत होते. आता त्यांनी स्वतःच हँडलवर, कोणती बाजू वर ठेवायची हे रंगाने लिहून ठेवले आहे. शेवटचे एक विचारतो: नवे झाकण बसवल्यावर काही तपासायचे का, आणि पुन्हा कधी?

रबाळे_फिटर

बसवल्याबरोबर तीच थंड टाकीची तीन मिनिटांची चाचणी झाकण घट्ट लावून घ्या. तिसऱ्या मिनिटाचा आकडा पहिल्याच्या जवळपास यायला हवा; पातळी उतरते तशी थोडी घट होईल, ती चालेल. तो आकडा तारखेसह यंत्राच्या वहीत लिहा. पुन्हा एकदा जूनमध्ये, पहिल्या पावसाआधी, आणि नंतर ऑक्टोबरमध्ये घ्या. प्रत्येक वेळी टाकी साधारण तितकीच भरलेली ठेवा, नाहीतर आकड्यांची तुलना होणार नाही.